भुताळी, चेटकीण आणि मैत्रीची किंमत

बेटेगावात दर रविवारी संध्याकाळी आम्ही दहा-पंधरा जण एकत्र बसून वाचन करतो. त्यात शिक्षक आहेत, तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पाळी करून येणारे कामगार आहेत, कॉलेजात शिकणाऱ्या मुली आहेत. मागच्या पावसाळ्यात ह्यांपैकी एका मुलीने एक इंग्रजी कादंबरी माझ्या हातात ठेवली. जॉन अपडाइक ह्या अमेरिकन लेखकाची 'द विचेस ऑफ ईस्टविक', १९८४ सालची. ती म्हणाली, "सर, नवऱ्यांपासून सुटलेल्या तीन चेटकिणींची गोष्ट आहे. बायकांच्या मैत्रीची आणि सामर्थ्याची कादंबरी म्हणून सांगतात. आपल्याकडे अशी कादंबरी का नाही?"

प्रश्न चांगला होता आणि त्याचे उत्तर मला लगेच देता आले नाही. मुंबईच्या मुलाला चेटकीण माहीत असते ती रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या' नाटकातली. चिंची चेटकीण रंगमंचावर आली की तो टाळ्या पिटतो. बोईसरच्या पूर्वेला, पाड्यांवर, तीच कल्पना 'भुताळी' ह्या शब्दातून येते. तिथे कोणी टाळ्या पिटत नाही. दारे लावून घेतात. मी दोन्ही शब्द जवळून ऐकलेले आहेत. दुसरा शब्द ऐकल्यावर मी स्वतः काय केले हे आजवर कुठे लिहिलेले नाही. त्यामुळे ही कादंबरी मला नुसती करमणूक म्हणून वाचता आली नाही. मी ती वाचली आणि निराश झालो. ही निराशा का, आणि आपल्या चळवळीला तिच्याशी काय कर्तव्य, एवढे समजावून सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम न्यायाने वागू. पाश्चात्त्य स्त्रियांनी 'चेटकीण' हा शब्द का उचलला, ते समजून घेतले पाहिजे. पंधराव्या ते अठराव्या शतकांच्या दरम्यान युरोपात चेटुकाच्या आरोपावरून, अभ्यासकांच्या अंदाजाने, चाळीस ते साठ हजार माणसे मारली गेली. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. ही कामे जमावाने जशी केली तशी न्यायालयांनीही केली. कागद झाले, साक्षी झाल्या, शिक्के बसले. ह्या इतिहासाची आठवण ठेवून १९६८ साली न्यूयॉर्कमधल्या काही स्त्रियांनी 'विच' नावाचा गट काढला आणि चेटकिणीचा वेश घालून भांडवलदारांच्या दारात निदर्शने केली. ज्या शब्दाने आमच्या आज्यांना मारले, तोच शब्द आम्ही मिरवू, असा त्यांचा भाव होता. तेव्हापासून चेटकीण म्हणजे पुरुषांना न जुमानणारी, स्वतःची शक्ती ओळखलेली स्त्री, हे समीकरण तिकडे रूढ झाले. आज त्यावर कादंबऱ्यांचा मोठा बाजार उभा आहे.

ही वृत्ती आपल्याला परकी वाटण्याचे कारण नाही. आपणही 'दलित' हा शब्द स्वतःहून घेतला आणि १९७२ साली पँथरच्या नावात तो अभिमानाने लावला. परंतु दोन शब्दांत एक फरक आहे आणि तो महत्त्वाचा आहे. 'दलित' हा शब्द आपल्यावर काय झाले ते सांगतो. दळणारा कोण, हा प्रश्न त्या शब्दातच उभा राहतो. 'चेटकीण' हा शब्द मात्र अन्याय सांगत नाही. तो आरोप सांगतो. हिने मंत्र टाकून मूल मारले, हिने गाय आटवली, हिने रोग आणला, असा आरोप त्या शब्दात आधीच भरलेला आहे. तो शब्द मिरवायचा तर आरोपाचे काय करायचे, हे ठरवावे लागते. अपडाइकने ते कसे ठरवले ते आता पाहू.

कादंबरीची गोष्ट थोडक्यात अशी. अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड राज्यात ईस्टविक नावाचे समुद्राकाठचे गाव आहे. काळ व्हिएतनाम युद्धाचा. ॲलेक्झांड्रा मातीच्या लहान बाहुल्या करून विकते, जेन चेलो हे वाद्य वाजवते, सुकी गावच्या वृत्तपत्रात लिहिते. तिघींचे संसार मोडलेले आहेत आणि नवऱ्यांपासून सुटल्यानंतरच त्यांना मंत्रशक्ती प्राप्त झालेली आहे. दर गुरुवारी त्या एकत्र जमतात, पितात, हसतात, एकमेकींना मन मोकळे करतात. ॲलेक्झांड्राच्या इच्छेसरशी समुद्रकिनाऱ्यावर वादळ येते. इथपर्यंत वाचताना मला त्या मुलीचे म्हणणे पटत होते.

पुढे डॅरिल व्हॅन हॉर्न नावाचा श्रीमंत, गूढ पुरुष गावातला जुना वाडा घेतो. तिघीही त्याच्याकडे ओढल्या जातात. गुरुवार मागे पडतो. आता भेटायचे ते त्याच्या वाड्यावर, त्याच्या टेनिस कोर्टावर, त्याच्या गरम पाण्याच्या हौदात. त्याचा नोकर फिडेल खाणेपिणे आणून ठेवतो. त्याच गावात फेलिशिया नावाची एक बाई आहे. ती युद्धाविरुद्ध बोलते, गावच्या प्रश्नांवर सारखी भांडते. चेटकिणींना तिची कटकट होते, म्हणून त्या असा प्रयोग करतात की बोलता बोलता तिच्या तोंडातून पिसे आणि कचरा पडू लागतो. शेवटी तिचा नवरा तिला शेगडीच्या लोखंडी सळईने मारतो आणि स्वतः फास घेतो. त्या दोघांची मुलगी जेनी पोरकी होऊन गावात येते. तिघी तिला आपल्यात घेतात. पण व्हॅन हॉर्न लग्न करतो ते ह्या जेनीशी. मग तिघी मिळून मेणाची बाहुली करतात, तिला टाचण्या टोचतात आणि जेनी कर्करोगाने मरते. व्हॅन हॉर्न जेनीच्या भावाला घेऊन पळून जातो. तिघी मंत्राने एकेक नवा नवरा मिळवतात आणि गाव सोडतात. कादंबरी संपते.

अपडाइक सामान्य लेखक नव्हे. लहान गावाचे वारे, ऋतू, घरांचे वास त्याला अचूक टिपता येतात. स्त्रियांच्या मैत्रीतही मत्सर असतो हे त्याने लपवले नाही, ह्यालाही मी दोष देणार नाही. तरीही अमेरिकेतल्या अनेक स्त्रीवादी वाचकांनी ह्या पुस्तकावर स्त्रीद्वेषाचा ठपका ठेवला, तो मला योग्य वाटतो. आपल्या बाजूने पाहिले तर तीन हरकती निघतात.

पहिली हरकत मैत्रीविषयी. ह्या मैत्रीला काहीही पणाला लावावे लागत नाही. तिघींपैकी एकीवर संकट आले, दुसरीने तिच्यासाठी घर, पोट, अब्रू धोक्यात घातली, असा प्रसंग गोष्टीचा कणा होत नाही. मैत्री म्हणजे इथे एकत्र घालवलेला रिकामा वेळ. म्हणून एक पुरुष येताच ती सैल होते आणि तो दुसरीकडे वळताच तिचे रूपांतर कटात होते.

दुसरी हरकत फेलिशियाविषयी. साऱ्या कादंबरीत सार्वजनिक प्रश्नावर तोंड उघडणारी ठळक स्त्री ती एकच, आणि तिलाच लेखकाने सर्वांत कंटाळवाणी, असह्य करून ठेवले. तिचे तोंड पिसांनी बुजवले. सभेत बोलायला उठलेल्या बाईकडे पाहून "आली कटकट" म्हणणारे लोक आपण सर्वांनी पाहिले आहेत. त्यांच्या इच्छेला ह्या कादंबरीत मंत्रशक्ती लाभली आहे आणि त्यालाच स्त्रियांचे सामर्थ्य म्हटले आहे.

तिसरी हरकत सर्वांत मोठी आहे. जेनी खरोखर मंत्राने मरते. म्हणजे तीन बायका एकत्र जमल्या, बाहुलीला टाचण्या टोचल्या, आणि एक तरुण मुलगी रोगाने मेली, हे कादंबरीच्या जगात सत्य आहे. आरोप सिद्ध झाला! हे औपहासिक लेखन आहे, शब्दशः घेऊ नये, असे कोणी म्हणेल. मान्य. परंतु उपहास कोणाचा झाला? आरोप करणाऱ्याचा झाला नाही. त्याचे म्हणणे लेखकाने जसेच्या तसे खरे ठरवले आणि वर त्याला मुक्तीचा रंग दिला.

हे अधिकच खटकते, कारण ईस्टविकपासून थोड्या अंतरावर, शेजारच्याच मॅसॅच्युसेट्समध्ये, सालेम आहे. १६९२ साली तिथे चेटुकाचे खटले चालले आणि एकोणीस जणांना फाशी दिले गेले. पहिल्यांदा नावे घेतली गेली ती तीन स्त्रियांची, आणि ह्या तिघी कोण होत्या ते आपण ध्यानात ठेवण्यासारखे आहे. टिट्युबा ही धर्मोपदेशकाच्या घरातली गुलाम. सारा गुड ही दारोदार मागून खाणारी, कर्जात बुडालेली बाई. सारा ऑस्बर्न हिचा पहिल्या नवऱ्याच्या जमिनीवरून नातलगांशी वाद चाललेला. गुलाम, भिकारीण आणि जमिनीच्या आड येणारी बाई! सारा गुडला फाशी झाली. तिच्या चार-पाच वर्षांच्या मुलीलाही तुरुंगात ठेवले होते. ऑस्बर्न तुरुंगातच मेली. टिट्युबाने मार आणि धाक ह्यांपुढे कबुली दिली, ती जगली, आणि तुरुंगाचा खर्च भरणाऱ्याला विकली गेली. अपडाइकच्या तीन चेटकिणी घरे असलेल्या, कलावंत, गोऱ्या मध्यमवर्गीय स्त्रिया आहेत. ह्या दोन त्रिकुटांमध्ये जे अंतर आहे, ते प्रस्थापित साहित्य आणि दलित साहित्य ह्यांमधलेच अंतर आहे. ग्वादलूपच्या मरीज काँदे ह्या कृष्णवर्णीय लेखिकेने १९८६ साली टिट्युबालाच बोलते करून फ्रेंचमध्ये कादंबरी लिहिली आणि तिची एक मैत्री तुरुंगाच्या कोठडीत घडवली. मैत्रीची जागा कुठे शोधायची, हे तिला बरोबर कळले होते.

आता बेटेगावकडे येतो. सालेमचे ते तिघींचे वर्णन वाचताना मला जी बाई आठवली, ती इथलीच.

ह्या भागातल्या वारली समाजात आजार, मृत्यू, पिकाची नासाडी ह्यांचा उलगडा भगत करतो. भगताला मी सरसकट खलनायक म्हणणार नाही. त्याला झाडपाला कळतो, तो बहुतेक वेळा इतरांइतकाच गरीब असतो. आदिवासींना अडाणी म्हणून हिणवण्याचा अधिकार आपल्याला नाही. आपल्या महारवाड्यातही अंगात येणे, देव घुमवणे होते. बेबी कांबळे यांनी 'जिणं आमुचं' (१९८६) मध्ये ते झाकून ठेवले नाही. शिवाय वारली स्त्रीला त्या समाजात काही स्थान नाही असेही नाही. लग्नातला चौक सवाशिणी लिहितात, आणि धवलेरी गायल्याशिवाय लग्न लागत नाही. धवलेरी ही स्त्री आहे. पण सवाशीण ह्या शब्दातच मेख आहे. नवरा मेला की तीच बाई चौकाच्या बाहेर जाते, आणि चौकाच्या बाहेर गेलेली बाईच पुढे भुताळी ठरण्याची भीती अधिक.

जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी १९९२-९३ साली राज्य हादरले होते. त्यानंतर दोन-तीन पावसाळ्यांनी घडलेली ही गोष्ट. मी तेव्हा शाळेवर नवा होतो. नाल्यापलीकडच्या पाड्यावर दीड वर्षाचे एक मूल तापाने गेले. ताप हे निमित्त. मूल दोन महिन्यांपासून सुकत चालले होते. आई वीटभट्टीवरून परतली तेव्हा तिच्या अंगावर दूध नव्हते. आठवड्याभरात दुसऱ्या घरचे मूल आजारी पडले. भगताने सुपात तांदळाचे दाणे पाहिले आणि हे भुताळीचे काम असे सांगितले. नाव त्याने घेतले नाही, दिशा सांगितली. त्या दिशेला एकच झोपडी होती.

तिथे पन्नाशीची एक विधवा राहत होती. तिची एकुलती मुलगी लग्न होऊन दूरच्या गावी गेलेली. नवऱ्याच्या वाटणीची थोडी भातजमीन बाईच्या कब्जात होती आणि ती दिराला हवी होती, हे पाड्यावर सर्वांना ठाऊक होते. दुसऱ्या दिवशी तिला विहिरीवर हंडा बुडवू दिला नाही. पाणी बंद करणे म्हणजे काय, हे ह्या नियतकालिकाच्या वाचकाला सांगण्याची गरज नाही. १९२७ साली आपण महाडला गेलो ते एवढ्याचसाठी.

तिची एक शेजारीण होती. दोघी बरोबर लाकडे आणायच्या, गवत कापायला जायच्या, भट्टीवर एका खोपटात राहायच्या. त्या शेजारणीने रात्री आपला हंडा तिच्या दारात नेऊन ठेवला. सकाळपर्यंत पाड्यावर बोलणे सुरू झाले की हीसुद्धा तिच्याकडून शिकली असणार. ह्या विश्वासाची गोम इथे आहे. भुताळीची विद्या एका बाईकडून दुसरीकडे जाते, असे मानले जाते. म्हणून आरोपी बाईची मैत्रीण ही साक्षीदार होऊ शकत नाही. ती दुसरी आरोपी होते. मैत्री हाच पुरावा! बाईला एकटी पाडण्यासाठी ह्याहून चांगली युक्ती कोणाला सुचली नसती.

त्या संध्याकाळी शेजारीण भिजत शाळेत आली. म्हणाली, "गुरुजी, आजची रात चला. तुम्ही बसलात तर कोणी येणार नाही." मी म्हणालो, "सकाळी पोलीस पाटलाला घेऊन येतो." नाल्याला पाणी होते हे खरे. पण गुडघाभर होते हेही खरे. मी बाहेरचा, नवा, नोकरीतला. भांडणात पडलो तर शाळेत कोण मुले पाठवील, असा हिशेब मी केला. शिकलेल्या माणसाला भ्याडपणासाठी कारणे लवकर सापडतात.

सकाळी आम्ही गेलो तेव्हा झोपडी रिकामी होती. शेजारीण रात्रीच तिला घेऊन चालत तिच्या मुलीच्या गावाला गेली होती. तिसऱ्या दिवशी ती एकटी परत आली. तिला दंड झाला. त्या वर्षी आवणीला तिला कोणी बोलावले नाही. आजारी मुलाला नर्सबाईंनी दवाखान्यात नेले होते आणि ते औषधाने बरे झाले; श्रेय मात्र भुताळी निघून गेल्याला मिळाले. पुढच्या पावसाळ्यात विधवेच्या खाचरात दिराची आवणी झाली. ती बाई पाड्यावर परत आली नाही.

ह्या घटनेत मंत्र कुठे आहे? कुठेच नाही. भूक आहे, ताप आहे, जमीन आहे, विधवापण आहे. आणि एक मोठी सोय आहे. भुताळी सापडली की मूल का सुकले, रेशन का पोचले नाही, दवाखाना इतका दूर का, भट्टीवर उचल घेऊन गेलेली बाई हात हलवत का परतली, असे प्रश्न कोणी विचारत नाही. तारापूरला १९६९ पासून अणुवीज तयार होते. त्याच तालुक्यात अशक्त मुलाच्या मृत्यूचे कारण तांदळाच्या दाण्यांत शोधले जाते. ह्यात दोष दाणे पाहणाऱ्याचा आहे, तसाच दुसरे कोणतेही कारण त्याच्यापर्यंत पोचू न देणाऱ्या व्यवस्थेचाही आहे. भुताळी ही शोषितांच्या रागाला दिलेली खोटी दिशा आहे. मालकाकडे जाणारा राग सर्वांत दुबळ्या बाईकडे वळतो.

म्हणूनच अपडाइकच्या कादंबरीवर मी रागावलो. भगताने दिशा सांगितली आणि अपडाइक म्हणाला, दिशा बरोबर आहे. पण बघा, त्या बायका किती मोकळ्या आहेत! स्त्रीला सामर्थ्य द्यायचे म्हणून तिला मंत्र देणारा लेखक नकळत आरोप करणाऱ्याच्या पंक्तीत जाऊन बसतो. ज्या समाजात त्या आरोपावरून माणसे मारली जात नाहीत, तिथे हा खेळ चालतो. आपल्याकडे तो चालणार नाही. त्या मुलीच्या प्रश्नाच्या उत्तराचा हा अर्धा भाग झाला.

मग आपल्याकडे काय आहे? महाश्वेता देवी यांची 'बायेन' ही १९७१ सालची बंगाली कथा. चंडीदासी ही डोम जातीची, मेलेली मुले पुरण्याचे काम वंशपरंपरेने करणारी. स्वतः आई झाल्यावर तिला ते काम नकोसे होते. पण गाव तिला बायेन, म्हणजे चेटकीण, ठरवते. तिच्या नवऱ्यानेच ढोल वाजवून ते जाहीर केले. ती गावाबाहेर एकटी राहते, तिच्या मुलाने तिच्याकडे पाहायचेही नाही. शेवटी दरोडेखोरांनी रुळावर रचलेल्या अडथळ्यापासून गाडी वाचवताना ती मरते, आणि मुलगा साहेबांसमोर सांगतो की ही माझी आई. ह्याच कथेवर चित्रा पालेकर यांनी 'माती माय' हा मराठी चित्रपट केला. नंदिता दास यांनी त्यात त्या बाईचे काम केले. ही कथा आरोप खोटा ठरवते. जात, तिने लादलेले काम आणि चेटकिणीचा शिक्का ह्यांची गाठ कुठे बसते, ते दाखवते. तिच्या तुलनेत ईस्टविक पोकळ वाटते.

तरीही 'बायेन'बद्दल एक शंका मनात राहते. बाईला माणूस म्हणून परत घेण्यासाठी तिने मरावे लागते, आणि तेही शेकडो परक्यांना वाचवून. मग समाज तिला मानायला तयार होतो. आपल्या त्यागानंतरच आपली माणुसकी मान्य होते, हे आपण फार सोसले आहे. त्या कथेत चंडीदासीला एकही मैत्रीण नाही. पाड्यावरच्या त्या विधवेला होती.

प्रत्यक्ष जीवन ह्या बाबतीत साहित्याच्या पुढे गेले आहे. झारखंडच्या सरायकेला-खरसावाँ जिल्ह्यातल्या छुटनी महतो यांना १९९५ साली डायन ठरवून छळले गेले. त्या मेल्या नाहीत, गप्पही बसल्या नाहीत. तशाच आरोपाखाली सापडलेल्या बायकांना त्यांनी आसरा दिला. आसामात बिरुबाला राभा ह्यांनी गावोगाव जाऊन हीच लढाई केली. दोघींना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. बिरुबाला २०२४ साली वारल्या. स्त्रियांच्या सामर्थ्याचा आणि मैत्रीचा अर्थ शोधायचा तर तो इथे शोधावा. ह्या बायकांनी 'आम्ही चेटकिणी आहोत' असे म्हटले नाही. 'चेटकीण कोणीच नसते' असे म्हटले आणि जिला तसे म्हटले गेले तिच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

कार्यकर्त्यांसाठी दोन शब्द कायद्याचे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला आणि चारच दिवसांत महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला. डिसेंबरात कायदा झाला. अमुक माणूस करणी करतो, रोग पसरवतो, मंत्राने जनावराचे दूध आटवतो असा समज पसरवून त्याचे जगणे कठीण करणे, आणि जारणमारण, करणी, चेटूक ह्यांच्या नावाखाली कोणाला मारहाण करणे किंवा त्याच्या नित्य व्यवहारांवर बंदी घालणे, हे त्या कायद्याने गुन्हे आहेत. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत. विहिरीवर हंडा बुडवू न देणे हे नित्य व्यवहारावरील बंदीत येते, हे पाड्यापाड्यावर सांगितले पाहिजे. पोलीस ठाण्यात कायद्याचे नाव घेऊन तक्रार लिहून घ्यायला लावली पाहिजे. त्याचबरोबर आजारी मुलाला दवाखान्यात पोचवले पाहिजे, आणि विधवेच्या जमिनीचा सातबारा कोणाच्या नावावर होतो आहे त्यावर नजर ठेवली पाहिजे. ह्या तिन्ही गोष्टी एकदम केल्या नाहीत तर एकीचाही उपयोग होत नाही.

पण कायदा सकाळी येतो. पहिली रात्र माणसालाच बसावे लागते. मी बसलो नाही, म्हणून मला हे ठाऊक आहे.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ह्या ग्रंथात करुणेपाशी न थांबता मैत्रीपर्यंत जावे लागते, हे बुद्धाचे सांगणे मांडले आहे. आपण दर सभेत मैत्री हा शब्द उच्चारतो. त्याचा अर्थ मला कुठल्या ग्रंथापेक्षा त्या भरलेल्या हंड्याने अधिक शिकवला. शेजारणीला भुताळीवर विश्वास नव्हता, असे मी म्हणू शकत नाही. कदाचित असेलही. भीती तिलाही वाटत होती. ती माझ्यापाशी आली तेव्हा कापत होती. तरीही जिच्याबरोबर भट्टीवर एका खोपटात झोपलो, तिला तहानलेली ठेवायचे नाही, एवढे तिला कळत होते.

गेल्या महिन्यात मी त्या मुलीला पुस्तक परत केले आणि वर लिहिलेले सारे सांगितले. आपल्याकडे अशी कादंबरी नाही ह्याचे वाईट वाटून घेऊ नकोस, म्हणालो. आपली कादंबरी हंडा नेणाऱ्या बाईची असेल आणि ती कोणीतरी लिहायची राहिली आहे. तिने सारे ऐकून घेतले आणि विचारले, "सर, त्या दुसऱ्या बाईचे नाव काय होते?"

विधवेचे नाव मला आठवते. पाड्यावर त्या दिवसांत सर्वांच्या तोंडी तेच होते. शेजारणीचे मी विचारलेच नव्हते. मुलगी म्हणाली, "मग आधी ते विचारायला जाऊ." पुढच्या रविवारचे वाचन आम्ही नाल्यापलीकडे ठेवले आहे.